दुसऱ्या गेटापाशी

गेट पडलंय.
सहा सायकली, सहा माणसं, प्रत्येकाचा एक पाय डांबरावर.
मिरजेकडून मालगाडी यायची आहे, तिला काही घाई नाही.
धुकं उतरायच्या आत राजहंसगड गाठू,
असं इराण्णा म्हणतो. दर रविवारी म्हणतो.

आग्नेलच्या हँडलला अजून ती घंटी आहे,
हॉलंडात घेतलेली, साडेचार युरोची,
जिच्यावरून त्याची बायको अजून बोलते.
भाड्याच्या सायकली उंच, आमचे पाय तोकडे.
भरमा कुद्रेमनीकर पहिल्याच वळणाला
कालव्यात जाता जाता राहिला,
आणि मागून आलेली सत्तरीची बाई
त्याला हसत काहीतरी म्हणाली.
ते 'शाब्बास' होतं, असं आमचं ठरलंय.

चढ नाही त्या देशात.
पाचव्या दिवशी डॉक्टर सुनंदा वैतागली:
एक तरी चढ द्या रे, जांबोटीच्या वाटेसारखा,
मांड्यांना कळेना झालंय आपण कुठं आहोत.
वारा मात्र होता. जाताना समोरून,
येताना, कसा कोण जाणे, तोही समोरून.

मग ते गाव, जिथं सरहद्द फुटपाथवरून जाते.
पांढऱ्या फुल्या, चहाच्या टेबलाखालून,
एका घराच्या तर दारातून, बरोबर मधोमध.
भरमा इकडून तिकडे गेला, चाळीसदा, मोजून.
पुरे की आता, इराण्णा कन्नडमधून म्हणाला.
एकदाच अजून, भरमा मराठीतून.
कॉफीवाल्यानं विचारलं, कुठले तुम्ही?
गोव्याजवळ, सुनंदा म्हणाली.
मुंबईच्या खाली. बंगळूरच्या वर.
आग्नेल म्हणाला, कॅम्प.
मी कपात बिस्किट बुडवत होतो,
ऐकू न आल्यासारखं केलं.
बिस्किट तळाशी गेलं.

नंतर दोन वर्षांनी घरच्यांबरोबर व्हिएन्ना.
तीन दिवस, ऋतानं तासातासाचा तक्ता केलेला.
दुसऱ्या दिवशी अकरा ते एक म्युझियम:
शालन एका भल्यामोठ्या चित्रासमोर
बाकावर बसल्या बसल्या झोपली,
रखवालदारानं तिला उठवलं नाही.
संध्याकाळी आम्ही उलट्या ट्राममध्ये बसलो.
दुकानं संपली, दिवे विरळ झाले,
फोनमध्ये तीन टक्के, पोरगी रडकुंडीला,
आणि मागच्या सीटवरून बायकी आवाज:
'इल्ले इळीबेकेनरी?'

मान आधी वळली, मी नंतर.
इथंच उतरायचं का, एवढंच विचारत होती ती नवऱ्याला.
तीच भाषा,
जिच्यातला फॉर्म तहसीलच्या खिडकीवर
मी नेहमी शेजाऱ्याकडं सरकवतो.
जिच्या शेजारी आपली चार अक्षरं असावीत म्हणून
वडील एकोणीस दिवस हिंडलग्याच्या तुरुंगात होते.
'यावूर री?' मी विचारलं.
गोकाक.
शालननं पिशवीतून चिवडा काढला,
त्यांनी करदंट. कागदाचा चुरचुर आवाज.
घटप्रभेला यंदा पाणी किती, कांद्याला भाव काय,
आणि तेही चुकलेच होते, आमच्याच दिशेनं.
पाच माणसं मिळून शेवटच्या स्टॉपवर उतरलो.
थंडी. पाटी वाचता येईना कुणालाच.

घरी आल्यावर वडिलांना हे सांगितलं नाही.
त्यांनी एकच विचारलं:
तिकडं दुकानांवरच्या पाट्या कुठल्या भाषेत?
जर्मन.
नुसती?
नुसती.
ते बराच वेळ पंख्याकडं बघत राहिले.
पंखा बंद होता.

आली गाडी. भरमा डबे मोजतोय,
इराण्णाही मोजतोय, ओठांतल्या ओठांत.
एकाचे अठ्ठावन्न, दुसऱ्याचे एकोणसाठ.
गेट उचलेपर्यंत भांडण पुरतं.
अनगोळचा दूधवाला, कॅन खडखडवत शेजारून:
'कुठं जाऊलास रे सक्काळी?'
येळ्ळूर, मी म्हणतो, लगेच.
रुळांवर एक म्हैस.
आग्नेल साडेचार युरोंची घंटी वाजवतो,
पुन्हा वाजवतो.
म्हैस रवंथ करते.